‘सोनेरी कोंबडा’ श्रवणसत्रात कसा ऐकवावा?

झांज

आमच्या श्रवणमंडळात बहुतेक सभासद हिंदुस्थानी संगीत ऐकणारे आहेत. पुढच्या सत्रासाठी परीकथेवरची एक रशियन संगीतिका घ्यायची आहे आणि रिम्स्की-कोर्साकोव्हचा ‘सोनेरी कोंबडा’ निवडला आहे. हॉल तीन तासांसाठी मिळतो. प्रोजेक्टर आणि दोन मोठे स्पीकर आहेत. रशियन कोणालाच येत नाही.

विचारायचं आहे ते असं. पूर्ण ऐकवावी की निवडक? निवडक असेल तर काय ठेवायचं, काय गाळायचं? संहितेचं काय करावं? आणि नेहमी ऐकवतात ती ऑर्केस्ट्राची ‘स्वीट’ (संगीतिकेतले वेचे घेऊन केलेली फक्त वाद्यांची मांडणी) आधी लावली तर कानाला तयारी होते का? गोष्ट थोडक्यात सांगून मग थेट संगीत लावावं असं काही जणांचं म्हणणं आहे, पण नुसत्या गोष्टीवर काम भागेल असं वाटत नाही.

कानसेन

पूर्ण ऐकवा. संगीत जेमतेम दोन तासांचं आहे: प्रस्तावना, तीन अंक, उपसंहार. तीन तासांच्या हॉलमध्ये पंधरा मिनिटांचं मध्यंतर आणि प्रत्येक अंकाआधी सात-आठ मिनिटांचं बोलणं आरामात बसतं. मध्यंतर पहिल्या अंकानंतर घ्या. दुसऱ्या अंकानंतर घेऊ नका. दुसऱ्या अंकाच्या शेवटी म्हातारा राजा दोदोन शेमाखाच्या राणीला घेऊन राजधानीकडे निघतो आणि तिसरा अंक त्या वरातीची वाट पाहणाऱ्या लोकांपासून सुरू होतो. मध्ये चहा झाला की हा ताण विरतो. स्वतः रिम्स्की-कोर्साकोव्हने स्वरलेखाच्या आरंभीच्या टिपणात कोणतीही काटछाट मान्य नसल्याचं लिहून ठेवलं आहे, आणि त्याला कारण आहे.

ते कारण म्हणजे चौकट. पडदा उघडण्याआधी ज्योतिषी एकटा पुढे येतो आणि सांगतो की मी जादूगार आहे, जुन्या गोष्टीतले हसरे मुखवटे तुमच्यासमोर जिवंत करतो. गोष्ट खोटी असली तरी तिच्यात इशारा आहे. शेवटी राजा मेल्यावर, लोकांचा आक्रोश संपल्यावर हाच ज्योतिषी पुन्हा पुढे येतो. तिसऱ्या अंकात तो सर्वांच्या डोळ्यांदेखत मारला गेलेला असतो, आणि तरी येऊन म्हणतो की इथे जिवंत माणसं फक्त मी आणि राणी, बाकी सगळं भ्रम, स्वप्न, फिकट सावली, पोकळी. हे दोन तुकडे मिळून सात-आठ मिनिटांचे आहेत. निवडक कार्यक्रम करणारे नेमके हेच गाळतात, कारण त्यात ‘गाणं’ असं काही नाही. मग उरते ती एका म्हाताऱ्या राजाची आणि सुंदर राणीची साधी गंमत.

प्रस्तावनेत संगीताची सगळी सामग्री पहिल्या दोन-तीन मिनिटांत मांडलेली आहे. तेवढंच दोनदा ऐकवा, बाकी काही दोनदा ऐकवलं नाही तरी चालेल. आधी म्यूट लावलेल्या ट्रम्पेटवर कोंबड्याची बांग येते. लगेच चेलोंवर राणीची धून, अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी खाली घसरत येणारी, आणि मग ती लाकडी सुषिर वाद्यांकडे जाते. त्यानंतर ज्योतिष्याची खूण: ग्लोकेनश्पीलचे धातूचे बारीक नाद, हार्प, तंतुवाद्यांचे तुटक स्वर. थंड, काचेसारखी. पुढे दोन तास जे घडतं ते या तीन खुणांमधून घडतं. सभासदांना एवढंच सांगा की कोंबडा, राणी आणि ज्योतिषी यांची ओळख आधी वाद्यांवर होते आणि राजाला या तिघांत जागा नाही.

स्वीट आधी लावू नका. ती संगीतकाराने केलेली नाही. १९०८ मध्ये तो गेल्यावर ग्लाझुनोव्ह आणि श्टाइनबर्ग या रशियन संगीतकारांनी चार भागांत ती बांधली. उत्तम आहे, पण ती रंगांवरून फिरते आणि शब्दांना वळसा घालते. आधी ती ऐकली की सभासद पूर्ण संगीतिकेत ओळखीच्या धुना शोधत बसतात आणि मधलं संवादासारखं गायन त्यांना अडगळ वाटू लागतं. या संगीतिकेत ती ‘अडगळ’च मुख्य आहे.

मंद्रसप्तक

कानसेन यांच्याशी सहमत. स्वराविषयी थोडी भर, कारण हिंदुस्थानी कानाची अडचण वेगळी असते.

राणीची ‘सूर्याला साद’ (दुसरा अंक, सुमारे पाच मिनिटं) ऐकताना आपले लोक ताबडतोब राग शोधायला लागतात. कोमल-शुद्ध दोन्ही स्वर लागोपाठ येतात, तेव्हा कोणी तोडीचं नाव घेतो, कोणी ललतचं. ते आधीच थांबवा. इथे आरोह-अवरोहाचा नियम नाही, वादी-संवादी नाही. अर्ध्या स्वरांची ती घसरण राणीची ओळख म्हणून बांधलेली आहे, तिच्याखालचे स्वरमेळ सतत सरकतात आणि षड्ज एका जागी टिकत नाही. तंबोरा मनात धरून ऐकलं तर बेसूर वाटेल. चेलो आणि बासची खालची ओळ ऐका असं सांगा, वरची गिरकी मग आपोआप लागते.

दुसरं म्हणजे ‘पूर्व’. शेमाखा हे गाव खरं आहे, आजच्या अझरबैजानात. पण हे संगीत तिथलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा पीटर्सबर्गचा एक उस्ताद पूर्वेची कल्पना कशी रचतो, ते हे आहे. ‘साद्को’ या त्याच्या आधीच्या संगीतिकेत भारतीय व्यापाऱ्याचं गाणं आहे. तेही सुंदर आहे आणि त्यातही भारताचं संगीत नाही. तरुणपणी हा माणूस नौदलात अधिकारी होता आणि ‘अल्माझ’ जहाजावर १८६२ ते १८६५ हिंडला, तेव्हा इंग्लंड, अमेरिका, ब्राझील पाहून आला. भारताच्या किनाऱ्याला ते जहाज लागलं नव्हतं. हे सांगितल्याने रस कमी होत नाही. उलट सभासद तक्रार न करता ऐकतात.

आता आवाज. पुरुषांचा सर्वांत खालचा आवाज बास, मधला बॅरिटोन, वरचा टेनर; स्त्रियांचा खालचा कॉन्ट्राल्टो, वरचा सोप्रानो, आणि वेगवान ताना घेणारा सोप्रानो म्हणजे कलोरातुरा. पात्रं अशी वाटलेली आहेत: राजा दोदोन खर्जाचा बास, सेनापती पोल्कान तोही बास, थोरला राजपुत्र ग्विदोन टेनर, धाकटा अफ्रोन बॅरिटोन, राजवाड्याची कारभारीण आमेल्फा कॉन्ट्राल्टो, शेमाखाची राणी कलोरातुरा सोप्रानो. कोंबडा सोप्रानो, पण त्याचं गायन बहुतेक वेळा रंगमंचामागून येतं. ज्योतिषी ‘टेनर-अल्तिनो’.

यातला शेवटचा शब्द समजावून सांगायलाच हवा. हार्मोनिअमच्या भाषेत बोलायचं तर टेनरची नेहमीची कसोटी तार सप्तकातली पांढरी एक, ज्योतिष्याला त्याहूनही वर पांढरी तीनपर्यंत जावं लागतं. संगीतकाराने स्वतः लिहिलं आहे की असा आवाज दुर्मीळ, म्हणून भक्कम फॉल्सेटो (पुरुषाने काढलेला वरचा, पातळ आवाज) असलेला हलका टेनर चालेल. ध्वनिमुद्रणात हा आवाज विचित्र, पातळ, वय नसलेला वाटतो. तो तसाच वाटायला हवा. ही गोष्ट ज्या कवितेवरून घेतली, त्या कवी पूश्किनच्या मूळ कवितेत हा ज्योतिषी षंढ, म्हणजे खच्ची केलेला आहे. त्या एका शब्दावरून हा स्वर निघाला असावा. सभासदांना आधी सांगितलं नाही तर ‘गायक कमकुवत आहे’ असा शेरा हमखास येतो.

झांज

खूप उपयोगी. सुरांचं आता नीट कळलं. संहितेचा प्रश्न मात्र तसाच आहे. चित्रफितीत इंग्रजी उपशीर्षकं असतात, पण ज्येष्ठ सभासदांना वाचत-वाचत ऐकणं जमत नाही. छापील कागद द्यावा का? दिला तर किती?

आणि राजकीय व्यंगाबद्दल बरंच ऐकलंय. परीकथेत ते नेमकं कुठे आहे? भाषणात सांगायचं तर कुठल्या जागेवर बोट ठेवायचं?

पडद्यामागे

कागद द्या, एका पानापेक्षा जास्त नको. पूर्ण भाषांतर दिलं की सगळी डोकी खाली जातात. गाणं सुरू असताना वाचायचं नाही असं सांगून अंकाआधी एकाने तेवढ्या ओळी मोठ्याने वाचाव्यात, साध्या गद्यात. संहिताकार बेल्स्कीची संहिता यमकांची आणि बोलीच्या गमतीची आहे. मराठीत यमक जुळवायला गेलात तर अर्थ निसटतो. नीट गद्य हजारपट बरं.

मी या जागा घेईन, क्रमाने.

पहिल्या अंकात राज्यसभा. दोदोन दमला आहे, त्याला आता लढाया नकोत, झोप हवी. शत्रू चारी बाजूंनी येतो तेव्हा काय करायचं? ग्विदोन म्हणतो, सीमेवरचं सैन्य मागे घ्या, राजधानीभोवती उभं करा, खाण्यापिण्याचा साठा करून ठेवा. सभा खूश. अफ्रोन म्हणतो, सैन्य बरखास्त करून टाकू आणि शत्रू यायच्या एक महिना आधी परत गोळा करून त्याच्यावर चालून जाऊ. सभा पुन्हा खूश. पोल्कान दोन्ही मोडून काढतो. मग सरदारांत वाद पेटतो, भविष्य घेवड्याच्या दाण्यांवर पाहावं की क्वासच्या (आंबवलेल्या रशियन पेयाच्या) गाळावर. रशिया-जपान युद्ध १९०५ मध्ये संपलं होतं, रशिया हरला होता, आणि ही संगीतिका १९०६-०७ मध्ये लिहिली गेली. श्रोत्यांना एवढी तारीख पुरते, वेगळं स्पष्टीकरण नको.

त्याच अंकात ज्योतिषी कोंबडा देतो. सर्व शांत असेल तर तो सांगेल ‘कुशीवर पडून राज्य कर’, संकट आलं तर ‘सावध, जागा राहा’. दोदोन वचन देतो, तुझी पहिली इच्छा मी माझी समजून पुरी करीन. ज्योतिषी म्हणतो, मग कायद्याने लिहून दे. यावर दोदोन विचारतो: कायद्याने? हा कसला शब्द? मी कधी ऐकलाच नाही. माझी लहर, माझा हुकूम, दर खेपेला तोच कायदा. हे संवाद पटकन जातात, संगीत कुठेही थांबून बोट दाखवत नाही. कागदावर नसतील तर कोणाला कळणारही नाहीत, आणि तिसऱ्या अंकात राजा मरतो तो याच एका ओळीमुळे.

‘कुशीवर पडून राज्य कर’ ही ओळ पूश्किनची आहे. त्याची कविता १८३४ ची, आणि १८३५ मध्ये ती छापताना सेन्सॉरने हीच ओळ आणि शेवटचं ‘गोष्ट खोटी, पण तिच्यात इशारा’ हे यमक काढून टाकलं होतं. पूश्किनने रोजनिशीत त्याची चिडून नोंद केली आहे. सत्तर वर्षांनी रिम्स्की-कोर्साकोव्हने या दोन्ही ओळी संगीतात घातल्या आणि सेन्सॉर पुन्हा अडला.

तिसऱ्या अंकात लोकांचा समूहस्वर. राजाच्या स्वागताला आलेली प्रजा आनंदाने गाते की आम्ही तुझे निष्ठावान दास, तुझ्यासाठीच जन्मलो, तुझ्यासाठीच संसार थाटले, आमच्या मूर्खपणाने तुला रिझवायला तयार आहोत. गाण्याचा ढंग खरोखर उत्सवाचा आहे. शेवटी राजा पडल्यावर हेच लोक विचारतात: नवी पहाट काय आणेल? राजाशिवाय आमचं कसं व्हायचं? इथे मात्र संगीत हसत नाही, खरं रडतं. हे सभासदांना आधी सांगू नका. त्यांना स्वतः ऐकू द्या.

संगीतकाराच्या बाजूचा संदर्भ दोन वाक्यांत द्या. मार्च १९०५ मध्ये विद्यार्थ्यांची बाजू घेतल्याबद्दल त्याला पीटर्सबर्ग कॉन्झर्व्हेटरीतून (संगीत विद्यालयातून) काढलं. ग्लाझुनोव्ह आणि ल्यादोव्ह यांनी निषेधार्थ राजीनामे दिले. विद्यार्थ्यांनी त्याची ‘काश्चेय’ ही परीकथेवरचीच संगीतिका केली, तेव्हा प्रयोगानंतरचा सत्कार निदर्शन बनला आणि पोलिसांनी तो थांबवला. वर्षाअखेरीस तो परत आला. ‘सोनेरी कोंबडा’ त्यानंतरचा. सेन्सॉरशी वाद मिटण्याआधीच जून १९०८ मध्ये तो गेला. पहिला प्रयोग मॉस्कोत झिमिनच्या खासगी ऑपेराने १९०९ च्या शरदात केला, एमिल कूपर कंडक्टर, नेपथ्य इव्हान बिलीबिनचं. काही शब्द बदलून.

कानसेन

पडद्यामागे यांच्या यादीत दुसरा अंक सुटलाय, म्हणून तो मी घेतो. सर्वांत जास्त चुका तिथेच होतात.

अंक रात्री, अरुंद खिंडीत सुरू होतो. सैन्य मेलेलं पडलं आहे, आणि दोन्ही राजपुत्र एकमेकांच्या छातीत तलवारी खुपसून पडलेले. दोदोन रडतो, खरंच रडतो. धुकं विरतं, एक तंबू दिसतो. पोल्कान तोफ आणवतो, पण ती डागण्याआधी तंबूतून राणी बाहेर येते आणि सूर्याला विचारते: पूर्वेकडून येतोस ना, माझा देश पाहिलास का, तिथे गुलाब अजून तसेच फुलतात का? हे ‘सूर्याला साद’. गाण्याच्या सौंदर्यात श्रोते विसरतात की तिच्या समोर दोन मुलांची प्रेतं आहेत. निवडक कार्यक्रमात हे गाणं सुटं लावलं तर ही गोष्ट कळायचा मार्गच उरत नाही. व्हायोलिनवादक क्राइसलरने व्हायोलिनसाठी केलेली त्याची मांडणी जगभर वाजते, तिच्यामुळे तर ते आणखी सुटं झालं आहे. ऐकवायचंच असेल तर आधीचा विलाप जोडून ऐकवा.

त्यानंतर जवळजवळ अर्धा तास राणी एकटी गाते म्हटलं तरी चालेल. पोल्कानला हाकलून लावते, आपल्या रूपाचं वर्णन करते, दोदोनला गायला लावते, मग नाचायला. या अर्ध्या तासात नवख्या श्रोत्यांचं लक्ष उडतं. उपाय एकच: दोदोनच्या प्रेमगीताची चाल आधी हार्मोनिअमवर वाजवून दाखवा. ती रशियात लहान पोराला माहीत असलेली ‘चिझिक-पिझिक’ आहे, व्होडका प्यायलेल्या एका चिमुकल्या पक्ष्याचं गाणं. सगळे शुद्ध स्वर:

ग सा ग सा म ग रे, प प प ध नि सा सा सा (दुसऱ्या अर्धातले प, ध, नि मंद्र सप्तकातले)

हे दोन-तीनदा वाजवलं की सगळ्यांच्या डोक्यात बसतं. मग राजा जगातल्या सर्वांत सुंदर स्त्रीपुढे उभा राहून याच चालीत म्हणतो: मी तुझ्यावर जन्मभर प्रेम करीन, विसरणार नाही असा प्रयत्न करीन, आणि विसरायला लागलो तर तूच मला आठवण कर. रशियन प्रेक्षक पहिल्या चार स्वरांवर हसतो. आपल्याकडे कोणीच हसत नाही, कारण चाल ओळखीची नाही. दोन मिनिटांचं काम आहे आणि पूर्ण अंक फिरतो.

नाचानंतर राणीच्या दासी गातात: बहिणींनो, या लखलखत्या रूपाशेजारी लंगडत चाललाय तो कोण? पदाने आणि पोशाखाने राजा, देहाने आणि मनाने गुलाम. बांधा उंटाचा, चाळे माकडाचे. ही ओळ कागदावर हवीच.

मंद्रसप्तक

‘चिझिक’ची सूचना अप्रतिम. तशीच आणखी एक जागा पहिल्या अंकात आहे. आमेल्फा राजाला गोड खाऊ भरवते आणि त्याला झोप लागते, तेव्हाचं अंगाईसारखं संगीत, आणि त्यावर कोंबड्याची ‘सावध’ बांग. हा प्रकार दोनदा होतो: पहिल्या बांगेवर मुलगे पाठवले जातात, दुसऱ्या बांगेवर दोदोन स्वतः. चिलखत गंजलेलं, अंगाला न होणारं. झोपेत राजाला जे स्वप्न पडतं, त्यात राणीची ती घसरती धून आधीच येऊन जाते. प्रस्तावनेत ती ओळखून ठेवलेल्या श्रोत्याला राणी येण्याआधीच तिचा पत्ता लागतो.

खुंटी

फक्त आवाजयंत्रणेबद्दल लिहितो.

आवाजाची पातळी प्रस्तावनेवर ठरवू नका. तिथे एकटा म्यूट केलेला ट्रम्पेट आहे, मग चेलो, मग बारीक घंटा. तेव्हा बरा वाटेल इतका आवाज ठेवलात तर तिसऱ्या अंकातल्या वरातीला पितळी वाद्यं आणि झांजा आल्या की स्पीकर फाटेल. उलट करा: आधी वरात लावून सर्वांत मोठ्या जागी सहन होईल तिथे पातळी ठेवा, मग प्रस्तावना तपासा. ती ऐकू येत नसेल तर पंखे बंद करा, आवाज वाढवू नका.

ग्लोकेनश्पील, सेलेस्टा आणि झायलोफोन या खणखणीत नादाच्या वाद्यांमुळे वरचा पट्टा कर्कश होतो. ट्रेबल थोडा उतरवा. पण बास वाढवू नका, दोदोन आणि पोल्कान दोघेही खर्जात आहेत आणि खाली बास क्लॅरिनेट, डबल बासून आहेत. बास वाढवला की सगळा चिखल होतो आणि शब्द मरतात. लहान बिनतारी स्पीकर तर नकोच. त्यावर राजा ऐकूच येत नाही, शिवाय चित्रफितीत ओठ आणि आवाज यांत फरक पडतो. तारेने जोडा.

कोंबड्याचा आवाज ध्वनिमुद्रणात लांबून येतो. तो तसाच असतो, काही बिघडलेलं नाही.

इंटरनेटवरून थेट लावणार असाल तर जाहिरात नेमकी सूर्याला साद सुरू असताना येईल असं गृहीत धरा. डिस्क वापरा.

झांज

डिस्कवरूनच लावू. मग कोणता प्रयोग घ्यावा?

पडद्यामागे

चार वेगळे स्वभाव सांगतो.

मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरचा, स्वेतलानोव्ह यांनी संचालित केलेला, येव्गेनी नेस्तेरेन्को दोदोन. जुन्या पद्धतीचे रंगवलेले पडदे, रशियन शब्द स्पष्ट, दोदोन खरोखर मोठा. पहिल्यांदा पाहणाऱ्या मंडळासाठी मी हाच घेईन, कारण परीकथा परीकथेसारखी दिसते आणि टोचणी शब्दांतून येते.

पॅरिसच्या शातले थिएटरचा, केंट नागानो संचालक, दिग्दर्शन जपानी काबुकी नट इचिकावा एन्नोसुके यांचं. गायक फार हलत नाहीत, हावभाव ठरलेले. मुखवट्यांची कल्पना (ज्योतिषी तेच म्हणतो ना) इथे फार चांगली कळते. नाट्यसंगीत आणि दशावतार पाहिलेल्या आपल्या लोकांना हा चटकन पचेल.

ब्रसेल्सचा लोरां पेली दिग्दर्शित, आलँ आल्तिनोग्लु संचालक. राजाचा पलंग सगळीकडे. व्यंग स्पष्ट, गायन उत्तम.

लियोंचा बॅरी कोस्की दिग्दर्शित. राजवाडा नाही, नगर नाही, वाळलेल्या गवताचा एकच उतार आणि मळक्या बंडीतला राजा. ताकदीचा आहे, पण मूळ गोष्ट माहीत नसेल तर कोण कुठे आहे ते कळत नाही. दुसऱ्यांदा ऐकताना घ्या.

या संगीतिकेचं दृश्य सोडवणं अवघड का, तेही सांगण्यासारखं आहे. दुसऱ्या अंकात राणीने आणि दोदोनने गात-गात नाचायचं आहे. संगीतकाराने टिपणात बजावलं होतं की हालचाल इतकी जोराची नको की गायकाचा श्वास तुटेल. १९१४ मध्ये रशियन बॅलेचा निर्माता दियागिलेवने पॅरिसला हा तिढाच तोडून टाकला: गायक आणि समूह दोन्ही बाजूंना पायऱ्यांवर बसवले, आणि मध्ये नृत्यरचनाकार फोकीनच्या रचनेत नर्तकांनी सगळ्या भूमिका नाचून केल्या. राणी तामारा कार्साविना, पडदे नातालिया गोंचारोवाचे, पिवळे-लाल, भडक, लोककलेतले. संगीतकाराच्या कुटुंबाने याविरुद्ध कोर्टात धाव घेतली. पुढे न्यूयॉर्कला १९१८ मध्येही हीच दुहेरी पद्धत वापरली गेली. मंडळात चित्रं दाखवायची असतील तर गोंचारोवाचे पडदे आणि बिलीबिनची पूश्किनच्या या गोष्टीसाठीची चित्रं शेजारी-शेजारी दाखवा.

झांज

स्वेतलानोव्हचा घेतो. एक शेवटचं. तीन तासांऐवजी हॉल दोनच तास मिळाला तर? तशी शक्यता आहे.

कानसेन

मग हे गाळा, एवढंच. पहिल्या अंकातला राजसभेचा वाद अर्धा (पोल्कानच्या विरोधानंतर सरळ ज्योतिष्याच्या प्रवेशावर या). दुसऱ्या अंकात राणीच्या रूपवर्णनाचा मधला भाग. तिसऱ्या अंकात वरातीआधीची लोकांची कुजबुज. साधारण वीस-पंचवीस मिनिटं वाचतात. मध्यंतर काढून टाका आणि बोलणं सगळं मिळून दहा मिनिटांत आवरा, म्हणजे दोन तासांत जमतं.

हे मात्र हलवू नका: प्रस्तावना, ‘कायद्याने? हा कसला शब्द?’, विलाप आणि त्याला जोडून सूर्याला साद, ‘चिझिक’, आणि तिसऱ्या अंकात ज्योतिषी वरातीत येतो तिथपासून शेवटपर्यंत सलग. त्या शेवटच्या भागात सगळं फार भराभर होतं. ज्योतिषी बक्षीस म्हणून राणी मागतो, राजा आधी समजावतो, मग राजदंडाने त्याच्या डोक्यात घालतो, आकाश काळवंडतं. राणीला त्या मरणाची काहीच खंत नाही, आणि राजा तिच्याकडे वळतो तेव्हा ती त्याला झिडकारते. कोंबडा दांडीवरून उडतो आणि दोदोनच्या टाळूवर चोच मारतो. गडगडाट, अंधार, त्यात राणीचं हसणं, आणि उजेड येतो तेव्हा ती नाही, कोंबडाही नाही. मग समूहस्वर. इथे कुठेही बटण दाबू नका, बोलू नका.

समूहस्वर संपल्यावर बरेच जण कार्यक्रम संपला समजून टाळ्या वाजवतात आणि ज्योतिष्याचे शेवटचे शब्द त्यात बुडतात. आधी एवढंच सांगून ठेवा की पडदा पडल्यावरही बसून राहायचं आहे. दिवे लावणाऱ्या माणसालाही सांगा.

मंद्रसप्तक

आणि ज्यांना स्वरलेख पाहायचा आहे त्यांच्यासाठी: संगीतकार जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली, त्यामुळे पियानोसह गायनाचा जुना स्वरलेख इंटरनेटवर मोफत आणि कायदेशीर मिळतो. ध्वनिमुद्रणांचे हक्क मात्र वेगळे असतात. तिकीट लावून कार्यक्रम करणार असाल तर डिस्कवर काय लिहिलं आहे ते आधी वाचा.